दुपारची कुर्डुवाडी

बाटली माझ्या हातात राहिली आणि गाडी गेली. घडलं ते एवढंच. वर्ष होत आलं त्याला. कुणाला सांगायला जावं तर समोरचा "बरं, मग?" म्हणेल आणि त्या "मग"वर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून फारसं कुणाला सांगितलंही नाही. पण मधूनच कधीतरी, स्वयंपाकघरात तांब्या भरून घेताना किंवा लिफ्टचं दार डोळ्यांदेखत मिटतं तेव्हा, तो हात आठवतो. खिडकीच्या गजांतून बाहेर आलेला, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा, कोपरापर्यंत उन्हानं रापलेला हात. मागत नव्हता तो. शिव्याही देत नव्हता. नुसता हलत होता. "राहू दे" म्हणत होता, "ठेव तुला" म्हणत होता, की आपला साधा निरोप देत होता, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मिरजेला गेलो होतो मावशीसाठी. ऐन वैशाखात मोरीत घसरून तिनं खुबा मोडून घेतला होता. वय ८१, तरी डॉक्टर म्हणाले करू, आणि केलंही छान. मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी-रायबागपासून इकडं जतपर्यंत "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं समजतो आणि डोळे बारीक करून "कधी?" एवढंच विचारतो. ऑपरेशन झाल्यावर मला काम असं उरलं नव्हतं. सकाळी जाऊन बसायचं, बारा वाजता सिस्टर बायकांच्या वॉर्डातून सगळ्या पुरुषांना बाहेर काढायच्या तेव्हा निघायचं, आणि चार वाजता पुन्हा हजर व्हायचं. मधले चार तास रिकामे. मावसबहीण म्हणायची, घरी जाऊन पड जरा. पण ज्या घरात मावशी नाही तिथं भर दुपारी भिंतीवरच्या घड्याळाखाली एकट्यानं पडून राहायचं माझ्या जिवावर आलं. पाय आपोआप स्टेशनकडं वळले. लहानपणी दर मे महिन्यात वळायचे तसेच.

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, मुदत दोन तास. म्हणजे बारा ते चारला दोन तिकिटं लागतात. मी ती इमानेइतबारे काढत होतो, कारण या वयात टीसीनं धरलं आणि "इथं काय करताय?" म्हणून विचारलं तर "गाड्या बघतोय" हे सांगायची लाज वाटली असती. त्या १० रुपयांची एक गंमत आहे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचा झगा चढवून कमीत कमी भाडं ३० रुपये करून ठेवलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते उतरून पुन्हा १० वर आलं. त्यामुळं आता मिरजेहून जवळच्या एखाद्या गावी पॅसेंजरनं जायचे १० रुपये, आणि कुठंच न जाता ती पॅसेंजर नुसती बघायचेही १०. हे मला पहिल्याच दिवशी खिडकीपाशी सुचलं आणि मी स्वतःशीच हसलो. तिकीट देणाऱ्यानं मान वर करून पाहिलं. दवाखान्याच्या गावात एकटी हसणारी माणसं त्यानं बरीच पाहिली असावीत, कारण तो काही बोलला नाही.

वैशाखातली दुपार आणि मिरज जंक्शन. पत्र्याखाली सावली असते पण गारवा नसतो. रुळांमधल्या खडीवरून येणारा वारा तापलेल्या लोखंडाचा, डांबराचा आणि कुठूनतरी येणाऱ्या भज्यांच्या तेलाचा वास घेऊन येतो. त्यात मधूनच फिनेल. कबुतरं पत्र्याखालच्या अँगलवर बसून घशातल्या घशात काहीतरी पुटपुटत असतात. फलाटावर पेपर अंथरून झोपलेले लोक. त्यांतल्या निम्म्यांच्या उशाला एक्स-रेचं मोठं पाकीट, नीट दोन्ही हातांनी धरलेलं, सोन्याचा डबा असावा तसं. एका बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. बाई पदरानं वारा घेत होती आणि बाप्या तिच्या पाकिटातला एक्स-रे उन्हाकडं धरून डॉक्टरसारखा बघत होता. काय कळत होतं त्याला, देव जाणे. पण बघत होता बराच वेळ, आणि मग त्यानं तो अगदी हळू परत आत सरकवला. कानडी आणि मराठी इथं अशी मिसळलेली असते की एकाच वाक्याचं डोकं एका भाषेत आणि शेपूट दुसऱ्या भाषेत. करवंदं विकणारी बाई मला "एवढी घ्या की" म्हणाली आणि तोंड फिरवून तिच्या जोडीदारणीशी कानडीत हिशोब करायला लागली. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं. निम्मी कच्ची निघाली. डिंक ओठांना चिकटला, तो रात्रीपर्यंत गेला नाही.

आता मनातलं सांगायचं तर, एक्सप्रेस गाड्या बघण्यात मला काडीचा रस नाही. काळ्या काचांचे डबे येतात, आतलं काही दिसत नाही, दारात पांढरी चादर घेतलेला एखादा पोरगा पेंगत उभा असतो, आणि गाडी जाते. बघायची असते पॅसेंजर. पॅसेंजरच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात आणि खिडकीगणिक एकेक घर मांडलेलं असतं. कुणी भडंगाच्या पुड्यात बोट घालून नेमके शेंगदाणे शोधतंय. कुणी चप्पल काढून समोरच्या बाकावर पाय टाकलेत आणि त्या पायांची टाच बघितली की माणूस काय काम करतो ते कळतं. एखादी म्हातारी गाडी हलायच्या आधीच भाकरी सोडून बसते. कोल्हापूरहून येणारी गाडी रिकामी होताना दारात दुधाच्या किटल्यांचा खणखणाट होतो. दूध कधीच घालून झालेलं असतं आणि रिकाम्या किटल्यांत वारा वाजत असतो. बेळगावकडची गाडी आली की वेगळी माणसं. तिकडून येणाऱ्यांच्या गाठोड्यांनासुद्धा गाठ वेगळी असते, असं मला नेहमी वाटतं. ते खरं आहे की लहानपणी कुणीतरी तसं सांगितलं म्हणून वाटतं, माहीत नाही.

सांगितलं असेल तर अण्णांनीच.

अण्णा म्हणजे मावशीचे यजमान. नॅरोगेजवर गार्ड होते. ज्यांनी जुनं मिरज पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण एके काळी या स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडून येणारी आणि कोल्हापूरला जाणारी ब्रॉडगेज, ती १९७१ साली झाली. बेळगाव-लोंढ्याकडं जाणारी मीटरगेज. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी अडीच फुटी नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ साली बार्शीसाठी काढलेली ही चिमुकली गाडी मिरजेपर्यंत पोचायला १९२७ साल उजाडलं. घाई तिच्या रक्तातच नव्हती. कंपनी जाऊन १९५४ ला ती सरकारची झाली तरी चाल तीच. आम्ही पोरं मोठ्या गाडीतून मिरजेला उतरायचो आणि मावशीच्या घरी पिशव्या टाकून पहिल्यांदा छोट्या गाडीकडं पळायचो. साडेपाच फुटांच्या रुळांवरून उतरून अडीच फुटांच्या गाडीपुढं उभं राहिलं की आपण एकदम मोठे झाल्यासारखं वाटायचं. डब्याच्या खिडकीला हात पुरायचा. आषाढीच्या दिवसांत त्याच डब्यांच्या टपावर माणसं बसलेली असायची, टाळ-पखवाजासकट, आणि खालचा डबा त्या वजनानं रुंद झाल्यासारखा दिसायचा.

अण्णांचा एक लोखंडी पेटारा होता, काळा, वर पांढऱ्या रंगानं नाव आणि "गार्ड" लिहिलेला. त्यात हिरवी-लाल झेंडी, हातकंदील, फटाके, डायरी, आणि एका कोपऱ्यात मावशीनं दिलेला लसणाच्या चटणीचा डबा. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. पुढं धोका असला तर रुळाला बांधायचे, इंजिन वरून गेलं की फुटायचे. पण आम्हाला ते कळायला वेळ लागला आणि तोवर अण्णांना पेटाऱ्याला कुलूप लावावं लागलं. एकदा, नियमाबाहेर जाऊन, त्यांनी मला त्यांच्या डब्यातून नेलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. स्टेशन नक्की कुठलं ते आठवत नाही. कडक ऊन होतं आणि एक माणूस कळशी घेऊन उतरला होता. टाकी लांब होती. तो तिथं पोचला तेव्हा गाडी सुटायची वेळ झालेली. इंजिनानं शिट्टी दिली. स्टेशनमास्तर झेंडीची वाट बघत अण्णांकडं डोळे वटारून उभे. अण्णांनी हिरवी झेंडी गुंडाळून काखेत धरली होती. ती तशीच ठेवून ते डब्याबाहेर अर्धे वाकून त्या माणसाकडं बघत राहिले. तो माणूस कळशी डोक्यावर घेऊन पळत आला. अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर. डब्यातल्या लोकांनी आधी कळशी वर घेतली, मग त्याला घेतलं. मग झेंडी बाहेर आली. "किती लेट झाली हो?" मी विचारलं. "दोन मिनिटं," अण्णा म्हणाले, "विठोबा अठ्ठावीस युगं उभाय, आणखी दोन मिनिटं राहील उभा." आणि मग डायरीत काहीतरी लिहिता लिहिता, मला उद्देशून की डायरीला ते कळेना, "पुढं बघायला ड्रायव्हर आहे. गार्डानं मागं कोण राहिलंय ते बघायचं."

२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरलंय. मावशीला मी ते सांगितलं होतं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "डबा घरूनच नेतात ना?"

तर ती दुपार. दुसरा दिवस होता, दुसरं तिकीट. कुर्डुवाडीकडची पॅसेंजर लागलेली होती. ही आता मोठ्या रुळांवरून जाते. पंढरपूरकडची अडीच फुटी उखडून तिथं ब्रॉडगेज टाकली आणि आता वर विजेच्या ताराही आल्या. मार्ग मात्र तोच, आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर. ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत, मधलं एखादं विसरलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गाडीत गर्दी बरी होती. मी फलाटावरून सावकाश, खिडक्या वाचत चाललो होतो. एका खिडकीत चाळिशीची एक बाई, मांडीवर तीन-चार वर्षांचं पोरगं, शेजारी पुन्हा ते एक्स-रेचं पाकीट. पोराच्या डोक्याला नवी पट्टी होती. ते रडत नव्हतं, रडून दमलेलं होतं. बाईनं गजातून बाटली पुढं केली. "दादा, येवढी भरून द्या की. पोराला तान लागलीया. उतरावं तर जागा जातीया." मी बाटली घेतली. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दोन दिवस मी तिथं बिनकामाचा हिंडत होतो आणि आता कुणीतरी मला काम दिलं होतं.

बाटली थंड पेयाची होती, लिटरभराची, पण तिला एक पिशवी शिवलेली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून, वाकळ शिवतात तशी. वर खांद्यात अडकवायला कापडाचाच वळलेला पट्टा. पिशवी ओली केली की आतलं पाणी गार राहतं, शेतावर जाणाऱ्यांच्या बाटल्यांना असते तशी. ती वाळून खडखडीत झाली होती. जवळच्या नळाला पाणी नव्हतं. त्यावर "पिण्याचे पाणी" असं तीन भाषांत लिहिलेलं होतं आणि तोटी तिन्ही भाषांत कोरडी होती. पुढच्या नळावर एक माणूस पाय धूत होता, सावकाश, बोटांच्या बेचक्या चोळत. मी पुलाजवळच्या तिसऱ्या नळावर गेलो. तिथं धार चांगली होती. बाटली विसळली, भरली, पिशवी सगळीकडून नीट भिजवली, जास्तीचं पाणी पिळून काढलं. हे सगळं मी अगदी मन लावून केलं. त्यात फार तर चार मिनिटं गेली असतील. वेळ होता. गाडी उभी होती, सिग्नल लाल होता, मी पाहिलं होतं.

परत येताना समोरच्या रुळावर एका गाडीला इंजिन लावायचं चाललं होतं.

इथंच सगळं चुकलं. इंजिन लागताना मी बघितल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाही. लहानपणापासून ते तसंच आहे. नारिंगी जाकीट घातलेला एक पोरगेलासा माणूस रुळांत उभा होता. हातातल्या गुंडाळलेल्या झेंडीनं तो ये, ये, ये करत होता. गुरं गोठ्यात घेताना करतात तसं. इंजिन मुंगीच्या पावलानं येत होतं. शेवटचे दोन हात राहिले तेव्हा त्यानं तळवा उभा केला, इंजिन थांबलं, त्यानं वाकून दोन्ही बाजूंचे बफर पाहिले, पुन्हा बोटानं जरा ये. ठप्प. बफरला बफर लागल्याचा तो आवाज मोठा नसतो, पण सगळ्या डब्यांतून मागं मागं जात राहतो. मग तो माणूस बफरखालून आत शिरला. आता त्याचे फक्त खांदे दिसत होते. लोंबणारी जड कडी त्यानं दोन्ही हातांनी उचलून आकड्यात टाकली आणि मधला दांडा फिरवायला लागला. एक आटा, दुसरा आटा, प्रत्येक आट्याला अंगाचं सगळं वजन. मान बाजूला. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली. मग दोन्ही पाइप जोडले, खटका फिरवला, आणि हवा फुस्स करून इकडून तिकडं गेली. गाडीला श्वास मिळाला म्हणा ना. तो बाहेर आला, हात चिंधीला पुसले, खिशातला मोबाइल काढून बघितला. त्याला कुणी बघतंय याचं त्याला काहीच नव्हतं.

पूर्वीचं डिझेल इंजिन असतं तर माझ्या पाठीमागं ते खाकरलं असतं. गाडी सुटण्याआधी अर्धा मिनिट सगळा फलाट थरथरायचा, धुराचा भपका यायचा, झोपलेली माणसं उठून बसायची. विजेचं इंजिन चोरपावलांनी निघतं. शिट्टी दिली असेलच त्यानं, पण जंक्शनात शिट्ट्या कुणाच्या कुणाला कळतात? मी वळलो तेव्हा डबे सरकत होते. मी पळालो. पंचावन्न वर्षांचा माणूस, एका हातात ठिबकणारी बाटली, पायात चामड्याची चप्पल. डबा दिसला, खिडकी दिसली. दहा-बारा हात उरले असतील. तेवढं अंतर तसंच राहिलं, मग वाढलं. बाईनं मला पाहिलं. पोरानंही पाहिलं. त्यानं बाटलीकडं बोट दाखवलं. आणि बाईनं हात बाहेर काढून तो हलवला. हसत होती का? मला वाटतं, हसत होती. शेवटचा डबा गेला. त्याच्या दारात पांढऱ्या कपड्यातला तो मॅनेजर हिरवी झेंडी धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्यासाठी मी म्हणजे फलाटाच्या टोकाला गाडीमागं धावून थांबलेला आणखी एक माणूस. त्याची चूक काय? पळत येणाऱ्या माणसाच्या हातातलं पाणी कुणाचं आहे, ते लांबून कसं दिसणार?

बाकावर बसून मी आधी वेळापत्रक मांडलं. असल्या वेळी माझं डोकं आकड्यांत शिरतं. आरग काही फार लांब नाही, पंधरावीस मिनिटांत येईल. तिथं नळ असेल. नसेल तर डब्यात कुणाकडं पाणी असेलच. पॅसेंजरमध्ये तहानलेल्या पोराला पाणी न देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. काकडीवाला चढला असेल. काकडीतही पाणीच असतं. या हिशोबानं पोराची तहान भागली, माझं काही भागलं नाही. पाण्याची बाटली मांडीवर होती आणि ओल्या पिशवीनं माझ्या पँटवर एक मोठा गोल डाग पाडला होता. येणारेजाणारे तो बघून नजर फिरवत होते.

याच स्टेशनातून पाणी साडेतीनशे किलोमीटरवर गेलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला थेंब नव्हता तेव्हा राजस्थानातल्या कोट्याहून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, धुऊन आणल्या, कृष्णाकाठचं पाणी इथं त्यांत भरलं आणि ११ एप्रिलला पहिली गाडी सोडली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लातुरात होती. पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली, शंभरावर खेपा झाल्या. सगळा देश बघत होता. याच कवठेमहांकाळवरून, याच सांगोल्यावरून ते पाणी गेलं. ज्या गावांच्या घशाला स्वतःच कोरड, त्यांच्या दारावरून पाच लाख लिटर पाणी धडधडत निघून जायचं. त्या वेळी मी पुण्यात टीव्हीवर ते बघत होतो आणि आमचं मिरज म्हणून छाती फुगवत होतो. आता गोष्ट रंगवायची तर त्या बाईला लातूरची म्हणायला पाहिजे. शोभून दिसेल. पण ती कुठली ते मी विचारलंच नव्हतं. तोंडावरून आणि बोलण्यावरून जत-सांगोल्याकडची वाटली, एवढंच. मिरजेहून लातूरला पाच लाख लिटर पाणी पोचतं आणि मिरजेहून मिरजेत, तिसऱ्या नळापासून त्या खिडकीपर्यंत, एक लिटर पोचत नाही.

चार वाजता दवाखान्यात गेलो. बाटली कुठं टाकवेना म्हणून ती खांद्याला. मावशी जागी होती, उशाला टेकून बसवलेली, तोंड वाळलेलं. "पाणी दे रे," म्हणाली. तिच्या स्टूलवरचा तांब्या रिकामा होता. सिस्टरला विचारलं, त्या म्हणाल्या, आता चालेल, थोडं थोडं द्या. मी तांब्या घेऊन निघालो तर मावशी म्हणाली, "ही भरलेलीय की." मी घुटमळलो. "नळाचंय," म्हटलं. "मग आयुष्यभर काय गंगेचं प्यायले?" मी झाकणात थोडं ओतून दिलं. तिनं डोळे मिटून घेतलं. अजून दे म्हणाली. गार होतं पाणी, पिशवीनं आपलं काम केलं होतं. तिच्या घशाची हालचाल दिसत होती आणि मला त्याच वेळी फार बरं वाटत होतं आणि आपण दुसऱ्याच्या ताटातलं उचलून तिला वाढतोय असंही वाटत होतं.

मग सांगावंच लागलं. इंजिनाचंही सांगितलं. मला वाटलं ती "असू दे रे, होतं असं" म्हणेल. मावशा असं म्हणतात. ही गार्डाची बायको. "पाणी आणायला गेलेल्या माणसानं इकडंतिकडं बघायचं नसतं," ती म्हणाली. "हे असते तर दोन शिव्या हासडल्या असत्या तुला." आणि हात पुढं करून बाटली मागितली. चष्मा नव्हता, म्हणून ती बोटांनीच पिशवी चाचपत राहिली. अंगठ्याचं नख शिवणीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. मावशीनं स्वतः उभ्या आयुष्यात पन्नासेक वाकळा शिवल्या असतील. माझ्या पाळण्यातली तिनंच शिवलेली. "टाका बघ किती बारीक आहे. आणि हे आतलं अस्तर लुगड्याचं नाही, बाळाच्या अंगड्याचं आहे, मऊ. दोन-तीन दुपारी गेल्यात हिच्यात." मग जरा थांबून, "द्यायला नको का परत?"

"कशी देणार मावशी? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही."

"नावगाव कशाला? पोराला दवाखान्यात आणलं होतं ना? पट्टी बदलायला पुन्हा येईलच की. आणि दुपारची कुर्डुवाडी काय एकदाच जाते? रोज जाते."

मी पुढचे दोन दिवस गेलो. हसायला येईल, पण गेलो. तिकीट काढून, बाटली तिसऱ्या नळावर भरून, साधारण त्याच जागी. गाडी लागली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्या बघत जायचं आणि परत यायचं. आता ते पूर्वीसारखं बघणं नव्हतं. टाचा, भाकऱ्या, पुडे, कशातच लक्ष लागेना, नुसते चेहरे चाळत होतो. एकदा हिरव्या बांगड्या दिसल्या, पण त्या दुसऱ्या कुणाच्या. समोरच्या रुळावर इंजिन लागलं का, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं "पाणी इकायचं हाय का?" म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि मग अर्धी बाटली त्याच्या तांब्यात ओतली. त्यानं पैसे काढले. घेतले नाहीत तर माझ्याकडं संशयानं बघत तांब्याचा वास घेतला.

मला पुण्याला परत यावं लागलं. बाटली मावशीकडंच राहिली. ती घरी आल्यावर मावसबहिणीनं दाराच्या आतल्या खुंटीला अडकवलीय. पूर्वी त्या खुंटीला अण्णांचा हातकंदील असायचा. मावशी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. रविवारी फोन होतो. आधी पायाचं, मग सुनांचं, मग कोण गेलं कोण राहिलं त्याचं बोलून झालं की ती मध्येच गप्प बसते. मी काय विचारणार ते तिला ठाऊक असतं, पण मी विचारेपर्यंत ती बोलत नाही.

"बाटली आहे का गं?"

"आहे की. कालच पिशवी धुऊन वाळत घातलीय."